पावसात एमटीबीवर (माउंटन बाइकवर) ताम्हिणी घाट करायचाय? निघायच्या आधी ही तयारी करा

जून संपत आला की आमच्या सायकलिंगच्या ग्रुपवर तेच प्रश्न सुरू होतात. उन्हाळ्यात नवी सायकल घेतलेली असते, सकाळी सकाळी ३०-४० किलोमीटर चालवून झालेली असते, आणि आता घाटात पावसात जायचंय तर काय काय लागेल, कुठली सायकल चालेल, रेनकोट कुठला घेऊ. प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यांत उत्तर देण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. मी पुण्याचा, त्यामुळे उदाहरण पुणे-पौड-मुळशी-ताम्हिणी आणि त्याच रस्त्याने परत असं घेतलंय, जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या वर जातं. तुम्ही माळशेज, वरंध किंवा आंबोली करणार असाल तरी तयारी बरीचशी हीच.

सगळ्यात आधी एक सांगतो, कारण खालचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. पावसात किलोमीटर मोजू नका, तास मोजा. कोरड्यात सहा तासांत होणारी राइड पावसात आठ-नऊ तास खाते, कारण उतारावर वेग निम्म्यावर आणावा लागतो, थांबे वाढतात, समोरून वारा असतो आणि एक साधं पंक्चर काढायला दुप्पट वेळ जातो. "शंभर तर मी करतो" हा हिशोब घाटात पाऊस लागला की चालत नाही.

१. आधी पाय, मग सायकल

राइडच्या दीड-एक महिना आधीपासून चढ मारायला लागा. पुण्यात सोय भरपूर आहे, बोपदेव घाट, कात्रजचा जुना घाट, दिवेघाट, आणि जरा तयारी झाली की सिंहगड. कोरड्या रस्त्यावर ६०-७० किलोमीटर करून दुसऱ्या दिवशी ऑफिसला नीट बसता येत असेल तर तुम्ही तयार आहात. करून दोन दिवस आडवे पडत असाल तर अजून थोडे आठवडे थांबा, पाऊस सप्टेंबरपर्यंत असतो, कुठे पळून जात नाही.

त्यानंतर एक छोटी राइड मुद्दाम भर पावसात करायची, २५-३० किलोमीटर बास. अट एकच, मोठ्या राइडला जे घालणार आणि जे लादणार ते सगळं तेव्हाच घालायचं-लादायचं. जॅकेट काखेत कुठे घासतं, बॅगेत पाणी कुठून शिरतं, चष्म्यावर वाफ धरते का, हे घराजवळ कळलेलं बरं.

आणि ब्रेकची प्रॅक्टिस. एखादा रिकामा ओला रस्ता किंवा मैदान बघा, २० च्या स्पीडला सायकल आणा आणि दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत थांबा. कुठे दाबायला सुरुवात केली आणि कुठे थांबलात ते बघा. नुसता मागचा दाबला तर चाक घसरतं, नुसता पुढचा जोरात दाबला तर तुम्ही पडता. हे दहा-पंधरा वेळा केलं की हाताला अंदाज येतो, तो वाचून येत नाही.

२. रस्ता निवडताना माती बघा

एमटीबी आहे म्हणजे कुठेही घालता येते असं नवीन माणसाला वाटतं. पावसात तसं नाही. देशावरची काळी माती ओली झाली की टायरला चिकटते, मग फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांत) भरते, मग मागच्या स्टेमध्ये (मागचं चाक धरणाऱ्या नळ्यांत), आणि शंभर मीटरमध्ये चाक फिरायचंच बंद होतं. वरून तुम्ही जोर लावला तर डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) मोडतो. काळ्या मातीचा कच्चा रस्ता मॅपवर कितीही सुंदर दिसू दे, जुलैत तो रूटमधून काढून टाका. मुरुमाचा रस्ता चालतो, पाणी निचरून जातं. कोकणात उतरलात तर जांभ्याचा लाल रस्ता पण चालतो, पण जांभ्यावर शेवाळ धरलेलं असेल तर उतरून चालत जा.

जुलैत मावळ-मुळशीत भातलावणी चालू असते. शॉर्टकट म्हणून खाचरांच्या बांधावर सायकल घालू नका. बांध फुटला की खाचरातलं पाणी निघून जातं आणि एखाद्याची सगळी लावणी वाया जाते. तसंच पठारांवर, सड्यांवर, म्हणजे कास आणि तसल्या जागा, रस्ता सोडून आत चाकं घालायची नाहीत, तिथली झाडं-फुलं वीतभर मातीवर जगतात. ताम्हिणीच्या आजूबाजूला अभयारण्याचं जंगल आहे, आतल्या पायवाटा सायकलसाठी नाहीत असंच धरून चाला आणि शंका असेल तर वनखात्याच्या चौकीवर विचारा.

पहिल्या राइडला माझा सल्ला सरळ आहे. ८० टक्के डांबरी, मध्ये एखादा मुरुमाचा पट्टा, आणि दर १५-२० किलोमीटरला चहाची टपरी किंवा गाव.

३. तारीख ठरवणं

हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज रोज बघायला लागा, आणि त्यातले शब्द नीट समजून घ्या. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला की ते त्याला "जोरदार" म्हणतात, ११५.६ पासून "अति जोरदार", २०४.४ च्या वर "अत्यंत जोरदार". यलो अलर्ट असेल तर विचार करून निघा, ऑरेंज असेल तर घाट रद्द करून पुण्याच्या पूर्वेला कुठेतरी चालवा, रेड असेल तर घरी बसा. इथे वाद नको.

लोक फसतात ते पुण्याच्या खिडकीतून बघून. पुण्यात वर्षभरात सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. २०२४ च्या जुलैत ताम्हिणीला एकाच दिवसात साडेपाचशेच्या वर पडला. कोथरूडला भुरभुर, पिरंगुटला सर, पौडला बऱ्यापैकी, मुळशीला जोरात आणि ताम्हिणीला समोरचं दिसत नाही, असा तो वाढत जातो. म्हणून जिल्ह्याच्या अंदाजात "घाटमाथा" असा जो वेगळा उल्लेख असतो तो वाचायचा, पुणे शहराचा नाही.

वाऱ्याचं पण बघा. पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो, म्हणजे जाताना तो तोंडावर आणि येताना पाठीवर. म्हणून जाताना खूप हळू चाललंय म्हणून घाबरायचं नाही आणि जोर लावून दमायचंही नाही. उलट दिशेला राइड असेल, म्हणजे आधी पाठीवर वारा घेऊन पूर्वेला जायचं असेल, तर सांभाळा, येताना सगळं वसूल होतं.

विजांसाठी पुण्याच्याच आयआयटीएम संस्थेने केलेलं दामिनी अ‍ॅप फोनवर ठेवा. भर जुलैत गडगडाट कमी असतो, पण जूनच्या सुरुवातीला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला दुपारनंतर विजा चांगल्याच असतात.

शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. नसेल तर अंधारातच निघून दहाच्या आत गर्दीचा पट्टा पार करा. दहानंतर धबधब्यांपाशी दोन्ही बाजूला गाड्या लागतात, दारं अचानक उघडतात, आणि दुपारनंतर पिऊन चालवणारे असतात. माझ्या मते या रस्त्यावर पावसापेक्षा हा धोका मोठा आहे.

आदल्या रात्री आणखी एक करा, घाट चालू आहे का बघा. दरड कोसळली किंवा रस्ता खचला की जिल्हाधिकारी घाट बंद करतात. २०२४ च्या जून अखेरीस लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागे एकाच कुटुंबातली ५ माणसं वाहून गेली, त्यानंतर धबधबे आणि धरणांच्या आसपास बंदीचे आदेश निघाले. असे आदेश जिल्ह्यानुसार आणि महिन्यानुसार बदलतात, म्हणून मागच्या वर्षी चालू होतं म्हणून यंदा असेलच असं नाही. सायकलवाल्यांना पण ते लागू असतात.

४. सायकलची तयारी

हे निदान आठवडाभर आधी करा. पावसाळ्यात सायकलच्या दुकानांत रांग असते, आणि आदल्या दिवशी टाकलेलं काम घाईत होतं.

ब्रेक: सगळ्यात जास्त वेळ याला द्या. डिस्क ब्रेक असेल तर पॅड काढून बघा, वरचा थर एक मिलिमीटरच्या आसपास आला असेल तर बदला, "अजून एक राइड चालतील" असं करू नका, कारण ओल्या मातीची बारीक वाळू पॅड आणि रोटरमध्ये (चाकावरच्या लोखंडी चकतीमध्ये) जाते आणि एकाच मोठ्या उतारात जुने पॅड संपू शकतात. पॅडमध्ये दोन जाती असतात, रेझिनचे आणि मेटलचे. रेझिन शांत असतात पण चिखलात पटकन झिजतात. मेटलचे आवाज करतात पण टिकतात, पावसाला मी तेच सांगेन. फक्त आधी रोटरवर काय लिहिलंय बघा, काही स्वस्त रोटरवर फक्त रेझिन चालतात आणि तसं त्यावर छापलेलं असतं. नवीन पॅड घातले की लगेच घाटात जायचं नाही, आधी सपाट रस्त्यावर २०-२५ वेळा स्पीड घेऊन हळू करायचं, मग ते बसतात.

केबलवाले डिस्क असतील, आणि २०-२५ हजारांच्या आतल्या सायकलींना बहुतेक तेच असतात, तर आतली केबल गंजलीय का बघा आणि गंजली असेल तर आउटरसकट (बाहेरच्या नळीसकट) बदला. पॅड झिजले की लिव्हर हँडलपर्यंत जायला लागतो, तेव्हा कॅलिपरवरून (पॅड ज्यात बसतात त्या भागावरून) ब्रेक कसा घट्ट करायचा हे मेकॅनिककडून हाताने करून शिकून घ्या. हे रस्त्यात लागणारच. आणि रिम ब्रेकची, म्हणजे चाकाच्या कडेवर रबर दाबणाऱ्या ब्रेकची, सायकल असेल तर प्रामाणिक सल्ला, भर पावसात लांब घाट उतरू नका.

मोठा ट्रॅप: डिस्कच्या जवळपास कुठलाही स्प्रे मारू नका. थोडंसं तेल रोटरवर गेलं की ब्रेक गेला, आणि पॅड फेकूनच द्यावे लागतात.

टायर: घासलेला टायर पावसाच्या आधी बदला. हवा नेहमीपेक्षा ४-५ पीएसआय कमी ठेवा, पकड चांगली मिळते, पण फार कमी केली तर खड्ड्यात रिमवर आपटून ट्यूबला दोन भोकं पडतात.

चेन: ओल्या हवामानाचं जाड ल्यूब (चेनचं तेल) मिळतं ते घ्या, रात्री लावा, सकाळी वरवरचं पुसून टाका. डब्ल्यूडी-४० चा निळा डबा चेनचं ऑइल नाही, पहिल्या अर्ध्या तासात धुऊन जातं. गाडीचं इंजिन ऑइल तर नकोच, सगळी वाळू गोळा करतं. चेन किती ताणलीय हे मोजायचं छोटं गेज दुकानात असतं, मोजून घ्या.

मडगार्ड लावा, दिसायला कसेही दिसू देत. मागचा नसेल तर पाठीवर चिखलाची रेघ, आणि पुढचा नसेल तर रस्त्यावरचं शेणपाणी थेट डोळ्यात आणि तोंडात. बाटलीच्या तोंडावर झाकण पण हवं, कारण तेच.

लाइट: पुढचा आणि मागचा, दोन्ही, दिवसासुद्धा चालू. घाटात धुकं उतरलं की ट्रकवाल्याला तुम्ही दिसता ते फक्त त्या लाल दिव्यामुळे.

५. सोबत काय घ्यायचं

सायकलसाठी:
- ट्यूब दोन. एक नाही, दोन. ओल्या ट्यूबवर पॅच चिकटत नाही, त्यामुळे पावसात पंक्चर काढत बसायचं नाही, ट्यूबच बदलायची. व्हॉल्व्ह तुमच्या रिमला बसतो ना ते बघा
- पॅच किट तरीही, आणि एक कोरडं फडकं झिपलॉकमध्ये
- टायर लिव्हर, छोटा पंप (पंप तुमच्या व्हॉल्व्हला लागतो का घरीच बघा)
- चेन ब्रेकर असलेलं मल्टिटूल, आणि तुमच्या गिअरच्या संख्येची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), ८ ची ११ ला बसत नाही
- डिरेलर हँगर, म्हणजे डिरेलर ज्यावर बसतो तो छोटा तुकडा. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, रस्त्यात कुठेच मिळत नाही
- ब्रेक पॅडचा एक जोड
- केबल टाय, थोडा डक्ट टेप, जुन्या टूथपेस्टच्या ट्यूबचा कापलेला तुकडा. टायरला चीर पडली तर तो आतून लावायचा
- चेनचं ल्यूब छोट्या बाटलीत

कागदपत्रं आणि बाकी:
- आधारची झेरॉक्स, मेडिक्लेमचं कार्ड
- एका कागदावर नाव, रक्तगट, घरचा नंबर, कसली अ‍ॅलर्जी असेल तर ती. हा कागद लॅमिनेट करून खिशात, बॅगेत नाही
- सायकलच्या बिलाचा आणि फ्रेम नंबरचा फोटो
- सुट्टे पैसे, ५००-७०० रुपये तरी. नेटवर्क नसलं की टपरीवर क्यूआर चालत नाही
- फोन दोन झिपलॉक एकात एक घालून, मॅप ऑफलाइन डाउनलोड करून. फोन ओला असताना चार्जिंगला लावू नका
- बँडेज, जंतुनाशक, क्रेप बँडेज, एक शिट्टी

६. कपडे

कॉटन नको, आतलं सुद्धा. ओलं कॉटन सुकत नाही आणि उतारावर अंगातली सगळी ऊब काढून घेतं. साधा पॉलिस्टरचा ड्राय-फिट टी-शर्ट पुरतो.

रेनकोटबद्दल फार चर्चा होते, मी थोडक्यात सांगतो. चढावर तुम्ही घामाने आतून भिजणारच, कितीही महाग जॅकेट घ्या. जॅकेटचं काम कोरडं ठेवणं नाही, वारा अडवणं आहे. म्हणून पातळ, अंगाला बसणारं, मागून लांब असलेलं जॅकेट घ्या, चढताना काढून ठेवा किंवा त्याची झिप उघडी ठेवा, आणि उतार सुरू व्हायच्या आधी थांबून घाला. उतार लागल्यावर नाही, आधी. पाच मिनिटं गारठलात की बोटं ब्रेक नीट दाबत नाहीत, आणि तेव्हाच ब्रेक सगळ्यात जास्त लागतात. पोंचो आणि मोटरसायकलचा रबरी रेनकोट नको, एक चाकात जातो, दुसऱ्यात तुम्ही शिजता.

हेल्मेटच्या खाली पुढे टोक असलेली पातळ टोपी घाला, डोळ्यात पाणी कमी जातं. पारदर्शक काचेचा चष्मा हवाच. पॅडेड शॉर्ट्स, आणि मांड्यांना, जिथे घासतं तिथे, पेट्रोलियम जेली भरपूर लावा, कारण ओलं पॅड ४० किलोमीटरनंतर कातडी सोलतं. पूर्ण बोटांचे ग्लोव्ह्ज. बुटात पाणी जाणारच, त्यामुळे जाड बूट नकोत, पटकन निथळणारे घ्या. कोरडे मोजे आणि एक कोरडा टी-शर्ट झिपलॉकमध्ये ठेवा आणि परतीच्या थांब्यापर्यंत उघडू नका.

७. खाणं-पाणी

पावसात तहान लागत नाही आणि तिथेच घात होतो. घाम चालूच असतो. दर वीस मिनिटांनी दोन घोट, घड्याळ लावून. एका बाटलीत ओआरएस ठेवा, पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घाला, अर्ध्या पाण्यात पूर्ण पाकीट घालू नका.

दर तासाला काहीतरी पोटात गेलं पाहिजे. शेंगदाण्याची चिक्की, खजूर, केळी, गुळाची पोळी, ओल्या हाताने खाता येईल असं. भजी आणि कणीस पावसात कुणाला नको असतं, मलाही हवं असतं, पण भजीची प्लेट घाट संपवून परतीला. जाताना तेलकट खाऊन चढ चढता येत नाही.

८. रस्त्यावर कशाकडे बघायचं

पहिल्या पावसात रस्त्यावरचं सगळं ऑइल वर येतं, तेव्हा डांबर सगळ्यात घसरडं असतं. पांढरे पट्टे, लोखंडी जाळ्या, पुलांचे जोड, यांच्यावर वळायचं नाही आणि ब्रेक मारायचा नाही, सरळ जाऊ द्यायचं. सिमेंटच्या रस्त्याच्या कडेला हिरवं शेवाळ असतं. जूनमध्ये जांभळांचा सडा. लावणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला चिखल बरोबर वळणावर असतो. गुरं पावसात डांबरावर येऊन बसतात आणि हॉर्नने उठत नाहीत.

पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे कळत नाही, टाळा. टाळताना मागे बघून मगच उजवीकडे घ्या.

उतारावर ब्रेक सतत धरून ठेवायचे नाहीत. वळणाच्या बरंच आधी दाबायला घ्या, चाकाचे पहिले एक-दोन फेरे तर रोटरवरचं पाणी पुसण्यातच जातात, वेग कमी झाला की सोडा, वळण घ्या, परत दाबा. डोंगराला चिकटून थांबायचं नाही, फोटोसाठी सुद्धा. बारके दगड घरंगळताना दिसले किंवा एरवी स्वच्छ असलेल्या ओहोळातून अचानक मातकट पाणी यायला लागलं तर तिथून लगेच बाहेर पडा.

फरशी पुलावरून पाणी जात असेल तर थांबा. घोटाभर दिसतंय तरी. सायकलला पाण्याचा धक्का आडवा बसतो आणि खाली फरशी शाबूत आहे का हे वरून दिसत नाही. धरणातून पाणी सोडलं की खालचे पूल तासाभरात बुडतात.

९. परत कधी फिरायचं ते घरीच ठरवा

हे कागदावर लिहा आणि घरच्यांना द्या. उदाहरणार्थ चांदणी चौक पावणेसहा, पौड सव्वासात, आणि ११ वाजता जिथे असू तिथून मागे. ताम्हिणी गाव दोन किलोमीटर राहिलं असलं तरी मागे. जुलैत सूर्य सव्वासातला मावळतो पण ढगांमुळे साडेसहालाच अंधारतं, आणि येताना भूगावनंतर चांदणी चौकाचा चढ आहे, तो दमलेल्या पायांनी आणि ट्रॅफिकमध्ये करायचा असतो, त्याला वेळ राखून ठेवा.

वेळ बाकी असली तरी मागे फिरायच्या खुणा अशा: कुणाचे दात वाजतायत आणि थांबत नाहीत, कुणी एकदम गप्प झालाय किंवा असंबद्ध बोलतोय, कुणाचा एक ब्रेक गेलाय, समोरचं ३०-४० मीटरच्या पुढे दिसत नाही. ग्रुपमधला एक जरी मागे फिरला तर त्याच्याबरोबर दुसरा जातोच, एकट्याला पाठवायचं नाही. पुढे मोठ्या पट्ट्यात फोनला रेंज नसते, म्हणून शेवटची रेंज असेल तिथून घरी मेसेज टाका. लागलंच तर ११२, अ‍ॅम्ब्युलन्सला १०८. पौडपर्यंत आलात की छोटा टेम्पो मिळतो, सायकली टाकून पुण्यात यायला काही कमीपणा नाही.

१०. घरी आल्यावर

कितीही दमला असाल तरी सायकल त्याच दिवशी धुवा. साध्या पाण्याने, जोरदार प्रेशरने नाही, प्रेशरचं पाणी बेअरिंगमध्ये घुसतं. चेन पुसून कोरडी करून परत ल्यूब. सीटपोस्ट काढा आणि सायकल उलटी करून फ्रेममधलं पाणी निघू द्या, हे कुणी करत नाही आणि मग डिसेंबरमध्ये पेडलपाशी करकर येते. बुटात रद्दी कोंबा, दोन तासांनी बदला.

स्वतःचे पाय बघा. आंबोली, कोयना बाजूला गेला असाल तर जळवा असतात, ओढून काढू नका, मीठ टाका, सुटते. कुठे खरचटलं असेल तर साबणाने धुऊन झाका. खरचटलेल्या जागी चिखलपाणी लागलं असेल आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही झालं, तर अंगावर काढू नका, डॉक्टरांकडे जा आणि पावसात चिखलातून सायकल चालवली होती हे आपणहून सांगा. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) शंका त्यांना त्यावरूनच येते आणि वेळेत गोळ्या सुरू झाल्या तर बरं होतं.

पॅड परत काढून बघा. पुढच्या राइडची तारीख ठरली असेल तर दुकानात आत्ताच सांगून ठेवा, जुलैच्या शेवटी तुमच्या साइजचे पॅड संपलेले असतात.